नत्थुजींनी पारखलेली फटफटी

आमचे मेहुणे नत्थुजी यांच्या गोठ्यात शेवटच्या काळात दोन बैल आणि तीन फटफट्या होत्या. बैल डाव्या हाताला, फटफट्या उजव्या हाताला, मधल्या खुंटीवर कासरे आणि हवा भरायचा पंप. तिन्ही फटफट्या जुन्या, म्हणजे विकत घेतल्या तेव्हाच जुन्या. दुसरी लढाई संपल्यावर पलटणीच्या गाड्या विकायला निघाल्या, तेव्हा अमरावतीपासून अकोल्यापर्यंतची हौशी माणसं नत्थुजींना सोबत न्यायची. एखादी नवी कोरी, चकाकणारी गाडी कुणी दाखवली तर नत्थुजी तोंड फिरवून पान लावायला बसायचे.

"नवा गोऱ्हा तुले काय सांगते?" ते मला विचारायचे. "चारा खाते, कान हालवते, गोड दिसते. नांगराले जुंपल्यावर समजते सोंग कसं हाये ते. जुनं जनावर काई लपवत नाई. खांद्याचा घट्टा पाह्य, खूर पाह्य. किती राबलं, कोनापाशी राबलं, समदं अंगावर दिसते."

मी त्यांचा साळा, जानराव. रुख्मिणी ही माझी थोरली बहीण. साळ्यानं मेहुण्याची टिंगल करायची आणि मेहुण्यानं ती हसून सोसायची, ही आमच्याकडची रीत मी जन्मभर मन लावून पाळली. तेव्हा या लिहिण्यात त्यांची थट्टा दिसली तर तो माझा हक्क समजावा. कौतुक दिसलं तर ते मात्र माझ्याकडून मोठ्या मुश्किलीनं निघालेलं आहे.

आमचं गाव कुरूम स्टेशनापासून कोसभर. काळी जमीन, कपाशी, ज्वारी, तूर. नत्थुजींची शेती बेताची, पण नाव मोठं, कारण त्यांच्यासारखा बैलपारखी आसपासच्या गावांत नव्हता. बाकीची माणसं बाजारात गेली की आधी बैलाचं तोंड उघडून दात पाहायची. नत्थुजी बैलाच्या मागं उभे राहायचे. त्याला मोकळा चालवायला सांगायचे, मग पाठीवर ओझं ठेवून चालवायला सांगायचे. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडतो का ते बघायचे. सगळ्यात शेवटी शेपटीच्या मुळाशी हात लावायचे, डोळे बारीक करायचे आणि एकच शब्द बोलायचे. 'घे', नाहीतर 'नको'. त्या शब्दावर माणसं वर्षाची कमाई मोकळी करायची. नत्थुजी त्याबद्दल बाजारातली भजी सोडून काही घेत नसत, आणि भजी मात्र पोटभर खात.

आता ती पहिली फटफटी. आमच्या गावचे मोठे खातेदार महादेवराव यांच्याकडं मोटार होती. एका चैत्रात ते नत्थुजींना आणि मला मोटारीत घालून अमरावतीला बैलजोडी बघायला घेऊन गेले. नत्थुजी दिवसभर 'नको, नको' म्हणत राहिले आणि जोडी जमली नाही. परत निघताना कॅम्पात एका बंगल्यावर हर्रास, म्हणजे लिलाव, चाललेली दिसली. कुणी इंजिनेर साहेब विलायतेला कायमचा चालला होता आणि त्याचं सामान विकलं जात होतं. महादेवरावांना मोठ्या आरशाची हौस, म्हणून आम्ही आत गेलो.

सगळी गर्दी खुर्च्या आणि ग्रामोफोनाभोवती. नत्थुजी मात्र सवयीनं तबेल्याकडं गेले. घोडे आधीच विकले गेले होते. तिथं भिंतीला टेकून एक फटफटी उभी होती, पहिल्या लढाईच्या वेळची. टाकीवर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुकांचं चित्र, रंग उडालेला, आणि बैठकीवर कबुतरांची कृपा. साहेबानं मोटार घेतल्यापासून तिला कुणी विचारत नव्हतं.

नत्थुजी तिच्या मागं जाऊन उभे राहिले. मला हसू आलं, कारण ते अगदी बैलबाजारातल्यासारखे उभे राहिले होते. मग त्यांनी बैठक धोतराच्या सोग्यानं पुसली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"जानराव, हे पाह्य. चामडं दोन्ही बाजूनं सारखं घासलं हाये. धनी सरळ बसनारा होता. वाकडा बसनारा धनी जनावराची कंबर मोडते."

साहेबाच्या डायवरला त्यांनी ती चालू करायला लावली. ती खोकली, शिंकली आणि चालू झाली. आधी मोकळी चालवायला सांगितली, मग मला मागच्या लोखंडी कॅरेजवर ओझं म्हणून बसवून चालवायला सांगितली. स्वतः वाकून मागचं चाक पुढच्याच्या चाकोरीत पडतं का ते बघत पळत आले. डायवरला वाटलं हा माणूस बिघडलेला आहे. पळणं झाल्यावर नत्थुजींनी मागच्या मडगार्डवर हात ठेवला, डोळे बारीक केले आणि 'घे' म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हा शब्द स्वतःला उद्देशून वापरला.

"नत्थुजी, मले बैल दाखवा म्हनलं त दाखवला नाई," महादेवराव आरसा काखेत धरून ओरडले, "आन सोता हे भंगार घेऊन राहिले?"

चार-सहा दिवस नत्थुजी अमरावतीलाच एका नातेवाइकाकडं राहिले आणि त्या डायवरकडून चालवायला शिकले. किती वेळा पडले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण गुडघे सांगत होते. डायवरनं एक गोष्ट बजावून सांगितली. टाकीवर पितळी दट्ट्या आहे, तो थोड्या थोड्या वेळानं दाबायचा, म्हणजे घोटभर तेल इंजिनाच्या पोटात जातं. तेल नाही पाजलं तर गाडी मेली समजा. कोणतं तेल हे त्यानं सांगितलं नाही आणि नत्थुजींनी विचारलं नाही. ज्यानं जन्मभर बैलांना तेल पाजलं, त्याला हा प्रश्न पडेल तरी कशाला?

ते गावात शिरले तो थाट मी विसरणार नाही. पुढं कुत्री, मागं कुत्री, मधे नत्थुजी. डोळ्यांतून पाणी, मिशा मागं वळलेल्या. रुख्मिणीनं नव्या बैलाचे पाय धुवावेत तसं तिच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं, दिव्याला कुंकू लावलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग स्वारी पारावर गेली. तिथं महादेवराव बसलेले.

"किती दिवस चालन हे?" ते म्हणाले. "लिहून ठेवा, बसनार."

आमच्याकडं बैलाला सगळ्यात मोठी शिवी म्हणजे 'बसका'. जो बैल नांगराच्या भर तासात, जू खांद्यावर असताना, मटकन खाली बसतो तो. नत्थुजींनी 'घे' म्हटलेला एकही बैल आजवर बसला नव्हता. त्यांच्या अंगाची लाही झाली.

"ऐका सारे जन," ते म्हणाले. "मी पारखून आनली हाये. हे बसली, त आजपासून मी कोन्या बैलाच्या शेपटीले हात लावनार नाई. आन घेऊन सांगतो."

महादेवरावांनाही एवढं नको होतं. घरी आल्यावर रुख्मिणीनं जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता रीत अशी की नवं जनावर घरी आलं की त्याला जवसाचं तेल पाजायचं आणि पंधरवडाभर जुंपायचं नाही. आधी त्याला घराची, माणसांची, पाण्याची सवय होऊ द्यायची. नत्थुजींनी फटफटीच्या इंजिन-तेलाच्या कप्प्यातलं काळं तेल 'शिळं' म्हणून उकिरड्यावर ओतलं. तेल्याकडून ताजं, घाण्याचं, सोन्यासारखं जवस आणून गळ्यापर्यंत भरलं. दट्ट्या दाबून दाबून पोटभर पाजलं. मग गावाभोवती दोन फेऱ्या मारल्या. धुराला असा खमंग वास सुटला की गल्लीतल्या बाया भजी कुणाकडं तळून राहिले म्हणून दारात आल्या. फेऱ्या झाल्यावर गरम गाडी गोठ्यात बांधली. हो, बांधली. कासऱ्यानं. आणि वर झूल घातली.

बाहेर चैत्राचं ऊन पेटलं होतं. गोठ्यावर टिनपत्रे. ती गाडी पंधरवडाभर त्या भट्टीत विसावा घेत राहिली.

अक्षय्य तृतीयेला नत्थुजींनी तिला पारासमोर काढली. सगळं गाव जमलं होतं. त्यांनी पायातल्या वहाणा काढून देवाचं नाव घेतलं आणि गाडी चालू करायच्या खटक्यावर पाय दिला. खटका खाली जाईना. दोन्ही पायांनी त्यावर उभे राहिले, तरी जाईना. मी उभा राहिलो, मग आम्ही दोघं मिळून उभे राहिलो. ढकलून पाहिली तर मागचं चाक न फिरता धुळीत घासत गेलं.

"शेपटी पिळा हो नत्थुजी, शेपटी!" महादेवराव म्हणाले आणि पार हसून हसून लोळला. हसणाऱ्यांत मी पण होतो. मग नत्थुजींचा चेहरा दिसला आणि मी हसायचा थांबलो. त्यांनी गाडीचे दोन्ही दांडे धरले आणि फरफटत घरी नेली.

त्या दिवसापासून त्यांनी बैलाला हात लावणं सोडलं. स्वतःच्या बैलांनासुद्धा. चारापाणी मी करायचो. नेमका तोच मोसम बैलखरेदीचा, पावसाआधीचा. माणसं यायची, नत्थुजी मान खाली घालून 'मले जमत नाई' म्हणायचे. अंगणातली खाट आणि ते. माणूस सुकत चालला होता आणि माझी बहीण रोज त्याला ताट वाढून समोर बसून राहायची.

एक दिवस दुर्गाबाई आली. आमच्या मागच्या गल्लीतली, नवरा गेलेला, दोन पोरी आणि थोडंसं वावर. तिचा एक बैल पान लागून मेला होता. साप चावला असं आमच्याकडं सरळ म्हणत नाहीत. उरलेला बैल एकटा, आणि पाऊस तोंडावर.

"भाऊ, अकोल्याच्या बाजारात चाला माह्यासंगं," ती म्हणाली. "एक बैल पाहून द्या. माह्या बैलासंगं चालनारा."

"आन घेतली हाये बाई."

"तुमची आन तुमच्यापाशी. मी तिचं काय करू? उद्या कोन्या दलालानं बसका बैल गळ्यात बांधला, त माह्यं वावर पडीत राहीन. मंग तुमी येसान का माह्या पोरीले खाऊ घालाले?"

नत्थुजींनी खाटेवर कूस फिरवली. दुर्गाबाई निघून गेली. खरं सांगतो, मला त्या दिवशी मेहुण्याचा संताप आला. असली कसली आण, जी घेणारा एक आणि भोगणारी दुसरीच? मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "जानराव, मी आन मोडली, त माह्या शब्दाची किंमत काय? मंग मी तिले 'घे' म्हनलं काय, आन 'नको' म्हनलं काय." हे मला पटलं, त्यामुळे राग आणखीच वाढला.

पुढच्या आठवड्यात सुतारानं नवं जू आणून दिलं. नव्या जुवाला आधी जवसाचं तेल चोळतात आणि उन्हात ठेवतात. दोन-चार हात झाले की लाकडावर साय धरते, पाणी आत जात नाही. जुवाला हात लावायला आणेची हरकत नव्हती, म्हणून नत्थुजी चोळायला बसले. आदल्या दिवशीचा हात सुकला का म्हणून त्यांनी बोट लावलं. बोट चिकटलं. त्यांनी नखानं खरवडलं. लाखेसारखा कडक पापुद्रा निघाला. ते त्या पापुद्र्याकडं बघत बसले, मग उठून इतक्या मोठ्यानं ओरडले की बैलांनी माना वर केल्या.

"रुख्मे! अवं, मी तिच्या पोटात रोगन लावलं!"

रुख्मिणी पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिला समजायला वेळ लागला नाही.

"म्हंजे ते नाई बसली," ती म्हणाली. "तुमी बसवली."

"मीच बसवली! खाऊ घालाले चुकलो, पारखाले नाई चुकलो!"

माणूस स्वतःचा गाढवपणा सापडल्यावर इतका खूष झालेला मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी लगेच पान्हे काढले. गाडीचं पोट उघडलं तर आत सगळीकडं तपकिरी राळ, जाड, चिवट. लोखंडी भाग रुख्मिणीनं न्हाणीच्या घंगाळात राखेच्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून उकळले. करपलेली कढई ती अशीच काढायची. पांढऱ्या धातूचे भाग सोड्यानं काळे पडायला लागले, तेव्हा ते आम्ही घासलेटात भिजवून बांबूच्या कमच्यांनी खरवडले. मी धोतर पसरून त्यावर एकेक तुकडा काढल्या क्रमानं मांडत गेलो. आमच्या घरची कोंबडी त्यावरून चालून गेली तेव्हा तिच्या नशिबात काय लिहिलं होतं ते सांगायला नको.

साफ तर झालं, पण आता पाजायचं काय? नत्थुजी एकदा फसले होते, दुसऱ्यांदा फसणार नव्हते. त्यांनी एक पत्रा उन्हात ठेवला आणि त्यावर गावात मिळणाऱ्या प्रत्येक तेलाचा एकेक थेंब टाकला. जवस, करडई, तीळ, सरकी, भुईमूग, एरंडी. रोज सकाळी जाऊन बोट लावायचे. जवस आणि करडई लवकरच कडक झाली, सरकी चिकटली, बाकीची हळूहळू घट्ट झाली. एरंडीचा थेंब मात्र होता तसा ओला, चकचकीत. एरंड तर आमच्या शेताच्या धुऱ्याधुऱ्यावर, बांधाबांधावर उभा. पोट साफ करायला बैलालाही देतात आणि माणसालाही.

"हे सुकत नाई," नत्थुजी बोटं चोळत म्हणाले.

"आन पोटात थांबतबी नाई," मी म्हणालो. बऱ्याच दिवसांनी ते माझ्या बोलण्यावर हसले.

सगळे तुकडे उलट क्रमानं परत जोडले, एरंडी भरली, दट्ट्या दाबला, खटक्यावर पाय दिला. तिसऱ्या लाथेला ती चालू झाली. रुख्मिणीनं दोन्ही हात तोंडावर धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुरानं आलं असं ती पुढं कायम म्हणत राहिली.

नत्थुजी तसेच पारावर गेले. झालेली चूक त्यांनी सगळ्यांसमोर सांगितली. लोक हसले, आणि ते स्वतः सगळ्यात जास्त हसले. महादेवराव मात्र म्हणाले, "ते ठीक हाये. पन आनेचं काय? बसली त बसलीच नं?"

"त्याचा फैसला मीच सांगतो," नत्थुजी म्हणाले. "येत्या बाजारी मी इथून अकोल्याले हिच्यावर जाईन. मागं रुख्मीन बसन. तुमी मोटारीत मागून या. रस्त्यात एकदाबी हे बसली, त जन्मभर बैलाले हात लावनार नाई. न बसता बाजारात उभी राह्यली, त मी सुटलो."

"मंजूर," महादेवराव म्हणाले. नत्थुजींनी मागं उभ्या असलेल्या दुर्गाबाईकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमीबी या यांच्या मोटारीत."

बाजाराच्या दिवशी उजाडताच निघालो. फटफटी पुढं, मोटार मागं. मोटारीत महादेवराव, दुर्गाबाई आणि मी. लोखंडी कॅरेजवर रुख्मिणीनं कापसाची जाड गादी बांधली होती, आणि नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून ती पुरुषासारखी दोन्हीकडं पाय टाकून बसली होती. तिच्याकडं एकच काम होतं. मैलाचा दगड आला की नवऱ्याच्या पाठीत बुक्की मारून ओरडायचं, "पाजा!" तसा नत्थुजी दट्ट्या दाबायचे आणि एरंडीचा निळा धूर आमच्या नाकात शिरायचा. मूर्तिजापूर येईपर्यंत महादेवरावांच्या पोटात कळ यायला लागली. मी म्हटलं, वासानंच गुण दिला.

मूर्तिजापूर मागं पडलं. मी मनातल्या मनात प्रत्येक चढाला तिला ढकलत होतो. दुर्गाबाई पदर मुठीत धरून पुढं वाकली होती, रस्त्यावरून तिची नजर हलत नव्हती. बोरगावच्या अलीकडं एकदम फाट्कन आवाज झाला. फटफटी डुलली, भेलकांडली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. दुर्गाबाईच्या तोंडून "गेलं" एवढाच शब्द निघाला.

महादेवराव मोटारीतून उडी मारून धावले. "बसली! नत्थुजी, बसली!"

पुढच्या चाकाची ट्यूब फाटली होती, चांगली वीतभर. पण इंजिन चालूच होतं. नत्थुजींनी गाडी स्टँडच्या घोडीवर चढवली होती आणि पांढऱ्या चेहऱ्यानं चाकाकडं बघत होते. उत्तर दिलं ते रुख्मिणीनं.

"काय बसली? आयकू येत नाई का तुमाले? श्वास चालू हाये तिचा. बैलाचा नाल पडला, त बैल बसला म्हनता का तुमी?"

महादेवराव कितीही मोठे असले तरी शेतकरीच. त्यांनी खरोखर विचार केला, डोकं खाजवलं. "नाई म्हनत," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग काई नाई. नाल ठोका."

पण नाल ठोकायला ट्यूब कुठं होती? जवळ दुसरी नव्हती, आणि फाटलेली सांधण्यासारखी राहिली नव्हती. इंजिन उभ्या उभ्या रवंथ करत होतं, पण तापत होतं, फार वेळ तसं राहणार नव्हतं. नत्थुजी इकडंतिकडं बघायला लागले. तेवढ्यात रुख्मिणीनं कॅरेजवरची गादी ओढून काढली, दातानं शिवण तोडली आणि कापूस उपसायला लागली.

"टायरात भरा," ती म्हणाली. "ठासून."

"तू बसशीन कायच्यावर?"

"लोखंडावर. तुमी चालवा."

आम्ही सगळे भिडलो. नत्थुजींनी टायर उचकटलं, मी आणि दुर्गाबाई कापूस कोंबत गेलो, आणि शेवटी महादेवरावही धोतर सावरून खाली बसले आणि काठीनं ठासायला लागले. "दाब जानराव, गाठी बांधनाऱ्या जीन-प्रेसवाल्यावानी दाब," ते मला दटावत होते. आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे ते बहुधा विसरले होते. रुख्मिणी तेवढा वेळ इंजिनापाशी उभी राहून दट्ट्या दाबत होती आणि तिला "थांब माय, थांब जराशी" म्हणत होती.

टायर चढलं. गाडी हलली. जरा उड्या मारत, पण हलली. पुढचा सगळा रस्ता माझी बहीण लोखंडाच्या पट्ट्यांवर बसून आली आणि प्रत्येक दगडाला तिनं नवऱ्याच्या पाठीत बुक्की मारली. बुक्क्यांचा जोर वाढत गेला होता असं नत्थुजी सांगायचे.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी बैलबाजार ऐन भरात होता. धूळ, हंबरणं, दलालांचा गलका. त्यात नत्थुजी फटफटी घेऊन शिरले. बैल बुजले, माणसं बाजूला झाली, आणि बाजाराच्या मधोमध त्यांनी ती उभी केली. क्षणभर तिला तशीच चालू ठेवली, सगळ्यांना दिसावी म्हणून. मग स्वतःच्या हातानं बंद केली. महादेवरावांनी मोटारीतून उतरून आधी त्यांना आणि मग रुख्मिणीला नमस्कार केला. माझी छाती अशी फुगली होती की जणू मीच चालवून आणली. आमच्या मेहुण्यासारखा माणूस वऱ्हाडात नाही, असं मी तिथं मोठ्यानं म्हणालो आणि ते त्यांनी ऐकलं, ही माझी जन्मभराची अडचण झाली.

नत्थुजी उतरले तेव्हा त्यांचे हात एरंडीनं माखलेले होते. तेवढ्यात दुर्गाबाईनं एक बैल गाठला होता. पांढराशुभ्र, उंच, शिंगांना शेंदूर. दलाल तिच्या हातात कासरा द्यायला निघाला होता. त्याच बैलाचा जोडीदार शेजारी उभा, तो महादेवरावांना आवडला. दलालाच्या भावानं हातावर रुमाल टाकला. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. महादेवरावांनी हात आत घातला.

नत्थुजी पांढऱ्या बैलाच्या मागं जाऊन उभे राहिले. दलालाला म्हणाले, "चालव." तो चालला. "ओझं ठेवून चालव." तो चालला. नत्थुजींनी हात धोतराला पुसला, पण लगेच पुढं केला नाही. मग त्यांनी तो शेपटीच्या मुळाशी ठेवला आणि डोळे बारीक केले. रुख्मिणीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. तिला बघवेना.

"नको," नत्थुजी म्हणाले.

दुर्गाबाईनं कासऱ्याला लावलेला हात काढून घेतला. दलाल भडकला, "कावून नको? काय खोट हाये सांगा!" नत्थुजींनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. महादेवरावांनी रुमालाखालचा हात हळूच बाहेर काढला.

"चाला बाई," नत्थुजी दुर्गाबाईला म्हणाले. "तिकडं कडुनिंबाखाली एक कबरा उभा हाये. दिसाले बरा नाई, पन तुमच्या बैलाच्या चालीचा हाये. आत येता येता फटफटीवरून पाह्यला मी."

आणि ते झपाझप निघाले. मागं दुर्गाबाई, तिच्या मागं लंगडत पण ताठ मानेनं माझी बहीण, आणि तिच्या मागं, दलालाला तसंच ओरडत ठेवून, आमचे महादेवराव.